माझ्या नावाचं पान

मला काय झालंय हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी आईने मला खोटं सांगून घराबाहेर काढलं होतं. "नगरला जाऊ, चष्म्याचा नंबर काढू," एवढंच ती म्हणाली. मला चष्मा नव्हता. तरी मी काही विचारलं नाही, कारण त्या दिवसांत मी काहीच विचारत नव्हते. केस आईनेच विंचरलेले, ड्रेस तिनेच अंगात घातलेला. सुप्याच्या स्टँडवर एसटी आली तेव्हा तिने मला दंडाला धरून वर चढवलं, आजारी म्हाताऱ्याला चढवतात तसं. मी सतरा वर्षांची होते.

दवाखान्याच्या पाटीवर 'मानसोपचार' असा शब्द होता. मी तो वाचला आणि जागीच थांबले. आई अंगणवाडी चालवायची, वाचता तिलाही येत होतं. ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चल आत. कुनी बगत न्हाई." आणि तिने स्वतःच दोन्ही बाजूंना बघून घेतलं.

डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलायचे. त्यांनी साधे प्रश्न विचारले. जेवतेस का? झोप लागते का? अंघोळ स्वतःहून करतेस का? मी प्रत्येक वेळी मान हलवत होते. मग त्यांनी विचारलं, "जगावंसं वाटतं का बेटा?"

आई शेजारीच बसली होती. तिच्यासमोर काय सांगायचं? पण मान आपोआप हलली. नाही. आईने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"बाई," डॉक्टर तिला म्हणाले, "तुमच्या मुलीला आजार झालाय. हे नाटक नाही, आळस नाही आणि बाहेरचंही काही नाही. याला नैराश्य म्हणतात. यावर औषध आहे. पण काही दिवस तिला इथं ठेवावं लागेल."

"डोक्यावर परिनाम झालाय व्हय?"

"आजार मनाचाच आहे. पण आजार आहे."

"बरी व्हईल?"

"होईल. वेळ लागेल. आणि मध्येच औषध बंद करायचं नाही."

मला त्या क्षणी काय वाटलं ते स्पष्ट आठवतं. आधी सुटल्यासारखं वाटलं. माझ्यात जे काही चाललंय त्याला नाव आहे, ते याआधी कुणाला तरी झालेलं आहे. आणि लगेच वाटलं, आता माझं लग्न होणार नाही. जगायचं नव्हतं आणि लग्नाची काळजी होती. आजारातलं डोकं असं चालतं.

*

हे नव्वदच्या दशकातलं आहे. आमचं गाव सुप्याजवळ. आण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या एमआयडीसीत फिटर होते. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हापासून घरातले अंगारे-धुपारे गेले आणि पुस्तकं आली, असं आण्णा अभिमानाने सांगायचे. दहावीला मी शाळेत पहिली आले. आमच्या वस्तीतून नगरला सायन्सला जाणारी मी पहिली मुलगी. हॉस्टेलवर पोचवायला आले तेव्हा ट्रंक आण्णांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. कुणाला हात लावू दिला नाही.

खोलीत आम्ही तिघी. वैशाली अकोले तालुक्यातली, डोंगरातल्या भातशेतीच्या गावातली. या टेकडीवरून त्या टेकडीवर हाक मारायची सवय, त्यामुळे खोलीतही ती ओरडूनच बोलायची. पहिल्या रात्री मी रडत होते तर ती म्हणाली, "रडून घे, मंग आपन भुताच्या गोष्टी सांगू." तेव्हापासून आम्ही एका ताटात जेवायचो. तिसरी मंगल, खर्ड्याची. फार बोलायची नाही. घरी म्हशी होत्या, त्यांच्या दुधावर तिचं शिक्षण चाललं होतं.

त्या वर्षी मुलींमध्ये स्लॅमबुकचं वेड होतं. आवडता रंग कोणता, आवडता हिरो कोण, माझ्याबद्दल तुला काय वाटतं, असलं सगळं. मग बारावीच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की सगळ्या हॉस्टेलची मिळून एकच वही करू. एकेका मुलीच्या नावाचं एकेक पान. ज्याला जे वाटतं ते त्याने लिहायचं. नियम दोनच: खरं लिहायचं आणि खाली नाव लिहायचं नाही. वही कपडे वाळत घालायच्या पडवीत, पाण्याच्या टाकीमागच्या फळीवर असायची.

माझ्या पानावर पहिली ओळ आली, 'हसते तेव्हा फार छान दिसते.' त्या दिवशी मी ती ओळ चार वेळा जाऊन वाचली आणि आरशासमोर उभी राहून हसून बघितलं.

मग जाण्याची सवय लागली. दात घासून झाले की वही, कॉलेजला निघण्याआधी वही, परत आल्यावर पायातल्या चपला न काढता वही. पाणी आणायच्या निमित्ताने, कपडे काढायच्या निमित्ताने. पानावर नवीन काही नसलं की वाटायचं, आपल्याबद्दल कुणाला काहीच वाटत नाही. नवीन असलं की वाटायचं, कुणी लिहिलं असेल? जेवणाच्या पंगतीत मी एकेकीचा चेहरा बघत बसायचे. खोलीत आम्ही तिघी पुस्तकं उघडून बसायचो आणि वैशालीच्या भुताच्या गोष्टी कधी बंद पडल्या ते आमच्या लक्षातही आलं नाही. तोंडाने बोलायचं ते सगळं आता तिकडे फळीवर जात होतं.

मग ओळी बदलत गेल्या. सगळ्यांच्याच पानांवर. माझ्या पानावर आलं, 'हसून हसून सरांना खूश करते.' मग, 'साधी दिसते, पण आतल्या गाठीची आहे.' आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस, 'मार्कांचं एवढं कौतुक कशाला? सवलतीवर आलेली आहे.'

ही गोष्ट मला पहिल्यांदाच ऐकू आली असं नाही. आमच्यात जन्मलेल्याला ती कुठे ना कुठे ऐकावीच लागते. पण या ओळीत चार 'ल' होते. आणि ते 'ल' मी ओळखत होते. फिजिक्सचं जर्नल आम्ही एकमेकींचं बघून लिहायचो. 'ल'ची शेपूट एवढी लांब ओढणारी हॉस्टेलमध्ये एकच मुलगी होती.

त्या दिवशी जेवताना वैशालीने नेहमीसारखी ताटातली लोणच्याची फोड माझ्याकडे सरकवली. मी ती खाल्ली.

*

यानंतरचे तीन महिने मला सलग आठवत नाहीत. कॉलेजला जाणं सुटलं. आधी डोकं दुखतं म्हणून, मग काहीच न सांगता. भाताचा घास तोंडात फिरायचा, खाली जायचा नाही. चाचणी परीक्षेत पेपर समोर ठेवून मी तीन तास नुसतं नाव लिहून बसले. वही मात्र सुटली नाही. अंघोळीला जायची ताकद नव्हती, पण पडवीपर्यंत जायची होती. दिवसातून दहा वेळा. माझ्याबद्दलचं सगळ्यात वाईट वाक्य अजून यायचं आहे आणि ते आलं की मला ताबडतोब कळलं पाहिजे, असं वाटायचं.

मग मी बोलायची थांबले. रेक्टरबाईंनी कारखान्यात फोन केला. आण्णा पाळी अर्धी टाकून आले. मला बघून म्हणाले, "काय झालं पोरी?" मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी ट्रंक उचलली.

घरी आत्या आली. आईला बाजूला घेऊन म्हणाली, "तिला कायतरी लागीर झालंय. एकदा दाखवून आनू." आण्णांनी ऐकलं. त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "ह्या घरात ते व्हायचं न्हाई. तिला अभ्यासाचा तान आलाय. खाईल-पिईल, चार दिवसात उठंल."

आई म्हणाली, "मंग डॉक्टरला तरी दाखवा."

"कसला डॉक्टर? येड्यांचा? पोरीचं नाव कायमचं खराब करायचंय का?"

देवऋषी नको म्हणणारे माझे वडील डॉक्टरही नको म्हणत होते. आज मला त्यांचा राग येत नाही. सगळ्या वस्तीला ज्या मुलीचं उदाहरण दिलं, तिचं डोकं बिघडलं म्हणायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं. चार दिवसांचा महिना झाला.

एका दुपारी आई धान्य पाखडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "आई, मला आता जगायचं न्हाई." कितीतरी दिवसांनी मी एक पूर्ण वाक्य बोलले होते. आईने सूप खाली ठेवलं. ओरडली नाही, रडली नाही. मला जवळ ओढून म्हणाली, "मला सांगितलंस ते बरं केलंस." आणि दुसऱ्या दिवशी चष्म्याचं निमित्त काढलं. तिला मी हे सांगितलं नसतं तर? हा विचार मी फार वेळ करत नाही. पण ज्याच्या मनात असं काही येत असेल त्याला माझं एवढंच सांगणं आहे, की कुणाला तरी सांगा. जवळ असेल त्याला, धान्य पाखडताना, कसंही.

*

वॉर्डात सहा खाटा होत्या. सकाळी स्टीलच्या ग्लासात चहा, मग गोळ्या. सिस्टर गोळी दिल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची. मग अंघोळ. सुरुवातीला ती मावशी घालायची. मावशी म्हणजे वॉर्डातली आया, उंच, दांडगी बाई. पहिल्या दिवशी माझ्या अंगावर पाणी ओतताना म्हणाली, "लाजू नको. मी चार पोरी वाढविल्यात. तू पाचवी." डोळे मिटून मी उभी राहिले. पाणी कढत होतं. चार महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी बरं वाटलं ते हे पाणी.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचे. पहिले पंधरा दिवस फरकच पडला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण त्या पंधरा दिवसांत मला वाटलं होतं की औषध सगळ्यांना लागू पडतं, फक्त मला नाही. शेजारच्या खाटेवर शेवगावकडच्या एक काकू होत्या. बाळंतपणानंतर त्यांना हा त्रास सुरू झाला होता आणि आता दुसऱ्यांदा ॲडमिट झाल्या होत्या. त्यांनी मला रोज वेणी घालायला सुरुवात केली. म्हणाल्या, "मलाबी असंच वाटलं होतं. सोळाव्या दिवशी मला चहात साखर कमी लागली आणि मी भांडले. तेव्हा कळलं, बरी व्हायला लागले."

मला चहाचं काही झालं नाही. मला विसाव्या दिवशी भूक लागली. मावशीकडे अजून एक पोळी मागितली. तिने दोन आणल्या आणि कमरेवर हात ठेवून खाताना बघत उभी राहिली.

आण्णा मात्र येत नव्हते. म्हणजे यायचे, पण वर नाही. आई सांगायची, "खाली आवारात हायेत. डबा दिला त्यांनी." खिडकीतून दिसायचे. कडुलिंबाखाली सायकलवाल्यांशी बोलत उभे. कारखान्यात त्यांनी सांगितलं होतं की मुलीला कावीळ झालीय. गावातही कावीळच. आईला भेटायला आलेल्या बायका काविळीचं पथ्य सांगून जायच्या आणि आई मान हलवायची. एकदा ती चिडून मला म्हणाली, "तुज्या आजारापरीस ह्या काविळीनं मला दमवलंय." आम्ही दोघी हसलो. मग तिला रडू आलं.

*

डॉक्टरांशी मी हळूहळू बोलायला लागले होते. वहीचं सांगितलं, सवलतीची ओळ सांगितली, वैशालीचं सांगितलं. ते सगळं ऐकून घेत. एके दिवशी त्यांनी विचारलं, "आणि तू? तू काय लिहायचीस?"

मी म्हणाले, "चांगलंच लिहायचे."

मी माझ्या हातांकडे बघत राहिले. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

मंगलच्या पानावर कुणी काही लिहीत नव्हतं. ते पान महिनाभर कोरं होतं. आणि माझ्या पानावर जेव्हा ते 'सरांना खूश करते' आलं, तेव्हा मला वाटलं की आता सगळ्यांनी दुसऱ्या कुणाकडे तरी बघावं. मी डाव्या हाताने लिहिलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून: 'मंगल जवळ आली की गोठ्यात गेल्यासारखं वाटतं.'

दोन दिवसांत त्याखाली पाच जणींनी भर घातली. मंगल दिवसातून दोनदा अंघोळ करायला लागली. कालचे धुतलेले कपडे परत धुवायची. पडवीत दोरीवर तिचे तीन ड्रेस कायम ओले असायचे. दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. तिचं सामान न्यायला कुणी चुलता आला. मी त्याला तिच्या गादीची वळकटी बांधून दिली.

डॉक्टरांना हे सांगताना मी इतकी रडले की सिस्टर डोकावून गेली. मला वाटलं, आता ते म्हणतील, तू लहान होतीस, विसरून जा. ते म्हणाले, "हे माझ्या गोळ्यांनी जाणार नाही. पण तुला वाईट वाटतंय, हे आजाराचं नाही, बरं होण्याचं लक्षण आहे. याचं काय करायचं ते सावकाश बघू."

*

वैशाली एका रविवारी आली. कुणाकडून कळलं देव जाणे. हातात तांदळाच्या भाकरीचं फडकं होतं. मला बघून तिचा नेहमीचा मोठा आवाज पार बसला. खाटेच्या कडेला टेकली, उठली, परत टेकली.

"ते मी लिव्हलं हुतं," ती म्हणाली.

"मला माहीत होतं."

"केव्हापासून?"

"त्याच दिवसापासून."

"मंग बोलली का न्हाईस? शिव्या घालायच्या हुत्यास." मग खाली मान घालून म्हणाली, "माज्या पानावर लिव्हलं हुतं, ही तिच्या, म्हंजी तुज्या, ताटात जेवती. मला वाटलं, आपन कायतरी लिव्हलं म्हंजी आपल्याला सोडतील."

काकूंनी कूस बदलून आमच्याकडे पाठ केली, आम्हाला बोलता यावं म्हणून. पण पुढे बोलण्यासारखं फार नव्हतं. तिने का लिहिलं ते मला अगदी नीट कळलं होतं. मीही त्याच कारणासाठी लिहिलं होतं. तरी तिला 'जाऊ दे' म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. आम्ही भाकरी खाल्ली, एकाच फडक्यातली. वर्षभर पत्रं चालली, मग बंद झाली. काही मैत्री आजारातून बरी होत नाही. हे लिहिताना अजून दुखतं.

त्याच आठवड्यात आण्णा वर आले. कामाच्या कपड्यातच होते. खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "आज सायबाला खरं सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हनले, माज्या भावाला हाच आजार हाय." आण्णा स्टुलावर बसले. "मी उगाच खाली हुबा राह्यलो इतकं दिवस."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याला ग्रीसचा वास होता.

*

मी घरी आले. गोळ्या आणखी दीड वर्ष चालल्या. अकरावी पुन्हा केली, या वेळी सुप्याहून एसटीने जाऊन-येऊन. नंतर मी शिक्षिका झाले. लग्नही झालं. नवऱ्याला मी आधीच सगळं सांगितलं. आजार मधे एकदा परत डोकावून गेला, पण तेव्हा मी आपल्या पायांनी दवाखान्यात गेले.

आता माझ्या वर्गातल्या मुलींकडे फोन आहेत. त्यातलं मला फारसं कळत नाही आणि त्यावर उपदेश करायचा मला हक्कही नाही. पण मधल्या सुट्टीत एखादी मुलगी कोपऱ्यात उभी राहून पुन्हा पुन्हा काहीतरी उघडून बघते आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा थोडा उतरतो, तेव्हा मला कळतं ती कुठे जाऊन आली. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहते. विचारते, जेवलीस का? कधीकधी ती बोलते.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर सहा महिन्यांनी मी खर्ड्याला गेले होते. आई सोबत येते म्हणाली, मी नको म्हणाले. जामखेडला गाडी बदलली. किल्ल्याच्या अलीकडे उतरून विचारत विचारत मंगलचं घर शोधलं. ती दारात वैरण तोडत होती. मला बघून तिचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

तिची आई मात्र हरखून गेली. "नगरची मैतरीन आली व्हय! बस गं माय." तिने दूध तापवलं, साखर घालून पेला माझ्या हातात दिला. मग समोर बसून म्हणाली, "तू तरी सांग, हिनं कॉलेज का सोडलं? आमाला कायच सांगत न्हाई. इतकी हुशार पोर."

मी पेला खाली ठेवला. सांगायलाच आले होते. तोंड उघडलं तेवढ्यात मंगल म्हणाली, "सांगितलं की तुला. पानी मानवलं न्हाई तिथलं." आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पेला परत उचलला. दूध पिऊन टाकलं.

ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत मी सांगितलं. पहिली ओळ माझी होती, डाव्या हाताने लिहिलेली. माझा आजार, हॉस्पिटल, सगळं सांगितलं. ती ऐकत चालत होती.

"मला वाटलं हुतं वैशालीनं लिव्हलं," ती शेवटी म्हणाली. मग चार पावलं चालून, "खाली पाच जनी हुत्या. त्याबी येनार हायत का?"

मी म्हणाले, "मंगल, मला तुझ्या आईला सांगू द्यायला हवं होतंस."

ती थांबली. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तुला मोकळं वाटलं असतं. पन तिला कळलं असतं ना, तर तिनं म्हशी इकल्या असत्या."

"माझं चुकलं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

ती रस्त्याकडे बघत होती. "गाडी आली तुजी," ती म्हणाली आणि तिनेच हात करून ती थांबवली.